अंगावरून वारं जाण्याआधी

गावाकडे अजून फारसं कुणी 'स्ट्रोक' म्हणत नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठतो तो एका अंगाने लुळा, तोंड वाकडं, जीभ जड. शहरात याला 'पॅरालिसिसचा अटॅक' म्हणतात, पुस्तकात अर्धांगवायू किंवा पक्षाघात. चरकसंहितेत पक्षाघाताचं वर्णन वातव्याधींच्या अध्यायात येतं, त्यामुळे 'वारं' हे नाव गावठी वाटलं तरी त्याचं नातं थेट शास्त्राशी आहे.

माझ्या आत्याच्या अंगावरून वारं गेलं त्या दिवशी तिच्या घरी पोचल्यावर मी आधी औषधांचा डबा शोधला. डॉक्टरांनी फोनवर विचारलं होतं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" देवघराशेजारच्या फडताळात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. पंधरापैकी अकरा गोळ्या तशाच. सोबतची पावती तीन महिन्यांपूर्वीची. आणि डब्याला टेकून एक काचेची बरणी, तळाशी चार बोटं तपकिरी चूर्ण उरलेलं. झाकणावरच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं : 'सकाळी १ चमचा अनशापोटी.' घटकांची नावं कुठेच नव्हती. आत्याची सून म्हणाली, "आईंना कुणीतरी सांगितलं होतं, यानं मेंदूच्या शिरा मजबूत होतात. मग त्या म्हणाल्या, बीपीची गोळी कशाला?"

त्या चूर्णाने आत्याला काही अपाय केला असं मी म्हणत नाही. माझा राग आहे तो पट्टीतच राहून गेलेल्या त्या अकरा गोळ्यांवर. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. अर्धांगवायूपासून मेंदूला आधीच संरक्षण देईल अशी वनस्पती खरंच असते का? त्या प्रश्नापायी मी बरंच वाचलं, आणि मला जे सापडलं त्याने मी चकित झाले. अशी एक वनस्पती होती. तिने काय केलं ते माणसांवर मोजून सिद्ध झालेलं आहे, आणि त्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा तुकडा मुंबईत घडला आहे. तिच्याकडे वळण्याआधी मेंदूत नेमकं काय बिघडतं ते पाहायला हवं, कारण चूर्णवाल्यांचं सगळं बोलणं तिथूनच सुरू होतं.

मेंदूचं वजन शरीराच्या दोनेक टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला वीसेक टक्के वाटा तो एकटा खातो. आणि साठवण जवळजवळ शून्य. रोज कमवून रोज खाणाऱ्या घरासारखी त्याची गत. रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या पेशींची चूल काही मिनिटांत विझते. जगभरातल्या बहुतेक रुग्णांमध्ये अशी गुठळीच असते. उरलेल्यांमध्ये वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून पाहून या दोन्हींतला फरक सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, शेवटी तिची गरज पडणार आहे.

गुठळीच्या पलीकडचा अगदी मधला भाग लवकर मरतो. त्याच्याभोवतीच्या भागाला मात्र शेजारच्या वाहिन्यांतून थोडंथोडं रक्त मिळत राहतं. तिथल्या पेशी काम करत नाहीत, पण मेलेल्याही नसतात. शास्त्रज्ञांनी या भागाला ग्रहणातल्या उपच्छायेचं नाव दिलं आहे. धड उजेड नाही, धड काळोख नाही. उपचारांची सगळी धडपड याच भागासाठी असते. अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला : मोठी वाहिनी बंद पडून उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. मिनिटाला. एक कप चहा उकळेपर्यंत जवळपास एक कोटी.

या पेशी मरतात त्याही एका क्रमाने. प्राणवायू तुटला की पेशींमधून ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभस बाहेर सांडतं. एरवी पेशीपेशींत निरोप पोचवणारं हे रसायन अति झालं की शेजारच्या पेशींची दारं उघडी पाडतं, त्या दारांतून कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी आतून कुरतडली जाते. मग मुक्त मूलकं तयार होतात, म्हणजे लोखंडाला गंज चढवावा तशी पेशींची आवरणं जाळणारे अस्थिर रेणू. त्यापाठोपाठ सूज येते. हे सगळं काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालतं. वनस्पतींबद्दलची आशा इथे जन्माला येते. हळद, अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी, गिंको या सगळ्यांत मुक्त मूलकं शमवणारी आणि सूज उतरवणारी द्रव्यं आहेत, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. मग ही द्रव्यं आधीपासूनच अंगात असतील तर झटक्याच्या वेळी मेंदू कमी मरणार नाही का?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो विचारला गेला आहे, उंदरांवर. हा प्रयोग कसा करतात ते जरा जवळून पाहू, कारण 'संशोधनाने सिद्ध' असं बरणीवर छापतात तेव्हा त्यामागे बहुधा हाच प्रयोग असतो. उंदराला एक-दोन आठवडे रोज वनस्पतीचा अर्क पाजतात. मग त्याला भूल देऊन मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक धागा वर सरकवतात, थेट मेंदूच्या मधल्या धमनीच्या तोंडाशी. तास-दोन तास धागा तिथेच राहतो, मग ओढून काढतात आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. दुसऱ्या दिवशी मेंदू बाहेर काढून त्याचे दोन-दोन मिलिमीटर जाडीचे काप करतात आणि ते एका रंगहीन द्रवात बुडवतात. जिवंत पेशींमधली विकरं त्या द्रवाला लाल करतात, मेलेल्या पेशी पांढऱ्याच राहतात. बशीत मांडलेल्या त्या कापांवर एका बाजूला बिटासारखा लाल रंग आणि दुसऱ्या बाजूला खोबऱ्यासारखा पांढरा डाग दिसतो. ज्या उंदरांना अर्क पाजला होता त्यांच्या कापांवर पांढरा डाग लहान असतो. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधल्या संशोधकांनी २००३ साली जटामांसीवर असा प्रयोग केला. आधी पंधरा दिवस अर्क दिलेल्या उंदरांचं नुकसान कमी झालं होतं. अश्वगंधेवरही असेच प्रयोग झाले आणि तिथेही डाग आकसला.

हे प्रयोग खोटे नाहीत. संशोधकांनी त्यातून जेवढं म्हटलं तेवढं बरोबर आहे. गडबड होते ती पुढे, तो लाल-पांढरा काप माणसाच्या डोक्यात बसवताना.

तो उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, बहुधा नर असतो. त्याला मधुमेह नसतो, तीस वर्षं तंबाखू खाल्लेली नसते, धमन्यांत चरबीचे थर नसतात. त्याचा झटका ठरलेल्या वेळी येतो आणि ठरलेल्या वेळी संपतो. आपल्याकडच्या रुग्णाच्या अंगी हे सगळं आधीपासून मुरलेलं असतं, आणि त्याच्या धमनीतला धागा ओढून काढायला तिथे कुणी उभं नसतं. २००६ साली काही संशोधकांनी अर्धांगवायूवरच्या प्रायोगिक उपायांची मोजदाद केली. एकूण १,०२६ भरले. त्यांतले कित्येक प्राण्यांमध्ये लागू पडले होते. पण गुठळी दूर करून रक्त मोकळं करणारे उपाय सोडले, तर पेशींना कवच पुरवणारं असं एकही औषध तोवर माणसांच्या मोठ्या चाचण्यांत ठामपणे टिकलं नव्हतं. मुक्त मूलकं पकडणाऱ्या एनएक्सवाय-०५९ या कृत्रिम औषधाने एका चाचणीत थोडा फायदा दाखवला तेव्हा सगळे आनंदले होते. तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत तो फायदा नाहीसा झाला. तेव्हा वनस्पतींना सावत्र वागणूक मिळाली असं कुणी म्हणू नये. कारखान्यात बनवलेल्या औषधांचीही याच घाटात गाडी अडली आहे.

हळदीचं उदाहरण घेऊ, कारण ती आपल्या घरची. हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के. पोटात गेल्यावर त्यातलं फारच थोडं रक्तात पोचतं, यकृत त्याची लगेच वासलात लावतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं तर शोषण वीस पटींनी वाढतं. हा शोध नावाजला गेला आणि तो योग्यही होता. पण दोन ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे पासष्टेक ग्रॅम हळद, म्हणजे वीसेक चमचे. भाजीतली चिमूट आणि हा डोस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय पायपरिन हे काम करतं ते यकृताचा हात धरून. तोच हात इतर औषधांचीही विल्हेवाट लावत असतो, त्यामुळे फिटच्या गोळीसारख्या औषधाची रक्तातली पातळीही त्याने वाढू शकते. हळद-मिऱ्याचे जोरदार अर्क घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीला कुणी घाबरू नये, ती आहे तशीच छान आहे. कॅप्सूलमधली हळद मात्र मसाला राहत नाही, ती औषध होते, आणि औषधाला विचारायचे प्रश्न तिलाही विचारायला हवेत.

ब्राह्मीची तर ओळखीपासूनच अडचण. गोलसर पानांची जमिनीलगत पसरणारी मंडूकपर्णी आणि बारीक जाड पानांची पाणथळ जागेतली नीरब्राह्मी, या दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती आपल्याकडे एकाच नावाने विकल्या जातात. बाटलीत कोणती आहे तेच ठाऊक नसेल तर डोस कशाचा मोजायचा?

निरोगी माणसाला आधीपासून द्यायच्या संरक्षक वनस्पतीची चाचणी घेणं आणखी कठीण. हजार माणसांत वर्षाला मोजक्यांनाच झटका येतो, म्हणून माणसं हजारांनी घ्यावी लागतात आणि वर्षानुवर्षं धीर धरावा लागतो. गिंको या चिनी वृक्षाच्या पानांच्या बाबतीत अमेरिकेत हे कष्ट घेतले गेले. ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना सुमारे सहा वर्षं, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क किंवा त्याच्यासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली. २००८ साली निकाल आला. स्मृतिभ्रंश कमी झाला नाही, आणि पुढच्या विश्लेषणात हृदयविकार वा अर्धांगवायूही कमी झालेला दिसला नाही. मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्ण गिंको गटात १६ होते, दुसऱ्या गटात ८. आकडे छोटे आहेत, त्यावरून दोष सिद्ध होत नाही. पण 'वनस्पती आहे, उपयोग नाही झाला तरी अपाय तर नाही' हे आपलं लाडकं वाक्य म्हणताना हे दोन आकडे आठवावेत.

आता सर्पगंधा.

बिहार-बंगालात तिला 'पागल की दवा' म्हणत. वेडाच्या भरात आलेल्या माणसाला तिच्या मुळाची पूड देत, म्हणजे तो शांत झोपे. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं, की या मुळीने उन्मादासोबत रक्तदाबही उतरतो. त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी तिच्यातली द्रव्यं वेगळी करत होते. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांचं नाव दिलं : अजमलीन. इथवरची गोष्ट आपल्या कोणत्याही वनौषधीची असू शकते. परंपरा आहे, निरीक्षणं आहेत, थोडं रसायनशास्त्र आहे. बहुतेक वनौषधी याच पायरीवर थांबतात.

सर्पगंधा थांबली नाही, त्याचं श्रेय मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांना. ते हृदयरोगतज्ज्ञ. रक्तदाबावर त्या काळी धड औषध नव्हतं. मीठ बंद करा, आराम करा, गुंगीची गोळी घ्या, एवढंच डॉक्टरांच्या हाती. वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या आणि मुख्य म्हणजे दाब मोजत राहिले. औषधाआधी मोजला, चालू असताना मोजला, आकडे नोंदवले. पन्नास रुग्णांचा हा अहवाल १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. चार आठवड्यांत बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला होता. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून अमेरिकेत सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळं केलं. आता मुळीच्या पुडीऐवजी पाव मिलिग्रॅमची मोजकी गोळी देता येऊ लागली. वकील यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातला तो फार मोठा सन्मान. आपल्याकडे किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण दाब उतरला म्हणजे अर्धांगवायू टळला असं होतं का? तेव्हा ते गृहीत नव्हतं. चढलेला दाब ही शरीराची गरजच आहे, तो उतरवू नये, असं मानणारे नामांकित डॉक्टर होते. याचा निकाल अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी लावला. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या चाचणीत तीन औषधं एकत्र दिली होती, आणि त्यांतलं एक होतं रिसर्पिन. खूप जास्त दाब असलेल्या १४३ पुरुषांचा निकाल १९६७ साली आला. पोकळ गोळी घेणाऱ्यांमध्ये २७ गंभीर प्रसंग घडले, औषध घेणाऱ्यांमध्ये २. मध्यम दाब असलेल्या ३८० जणांचा निकाल १९७० साली आला. पोकळ गोळीच्या गटात अर्धांगवायू २० जणांना, औषधाच्या गटात ५ जणांना. पुढे १९९१ साली साठीपुढच्या ४,७३६ लोकांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत पहिल्या गोळीने भागलं नाही तर जोडीला द्यायच्या औषधांत रिसर्पिन होतंच. तिथे अर्धांगवायू ३६ टक्क्यांनी घटला.

श्रेय एकट्या रिसर्पिनचं नाही, सोबतच्या औषधांचंही आहे, आणि सगळ्यात मोठं श्रेय उतरलेल्या दाबाचं. तरी एवढं निश्चित की रक्तदाब उतरवून मेंदू वाचवता येतो हे जगाला ज्या चाचण्यांनी पटवलं, त्यांत आपल्या जंगलातल्या एका मुळीचा अर्क होता. या मुळीने पेशींना कवच घातलं नाही, मुक्त मूलकांशी लढाई केली नाही. तिने चेतातंतूंच्या टोकांमधला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिकामा केला, त्यामुळे आवळलेल्या वाहिन्या सैलावल्या, दाब उतरला आणि झटका आलाच नाही.

कुणी आता दुकानात जाऊन सर्पगंधा मागू नये म्हणून हेही सांगते. रिसर्पिनने नाक चोंदतं, नाडी मंदावते, मात्रा वाढली तर मन खोल उदास होतं. म्हणूनच पुढे अधिक सोसवणारी औषधं आल्यावर ते मागे पडलं. मुळीच्या पुडीत किती रिसर्पिन आहे हे झाडागणिक बदलतं. आणि अतितोडीमुळे रानातली सर्पगंधा इतकी विरळ झाली, की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. जटामांसीचीही हिमालयात हीच दशा आहे.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन या औषधाची कुळकथाही वनस्पतीचीच. अमेरिकेत गोड क्लोव्हर नावाचा चारा कुजला आणि तो खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांनी शोधलं. त्यातून घडलेलं वॉरफरिन आधी उंदीर मारायला विकलं गेलं, आणि मग हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांमधले साधारण दोनतृतीयांश अर्धांगवायू टाळणारं औषध ठरलं. विष आणि औषध यांच्यात इथे फक्त मात्रेचं आणि रक्ततपासणीचं अंतर आहे.

अलीकडे चीनमधून येणाऱ्या बातम्या मी उत्सुकतेने वाचते. सेलरी म्हणजे आयुर्वेदातली अजमोदा, ओव्याच्या कुळातली. तिच्या बियांमध्ये सापडलेलं ब्युटिलफ्थॅलाइड हे द्रव्य आता कृत्रिमरीत्या बनवतात. १,२१६ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्यांपैकी ५६.७ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, दुसऱ्या गटात ४४ टक्के. दुसरं बोर्निऑल, म्हणजे आपल्या परंपरेतला अस्सल भीमसेनी कापूर. एडाराव्होन या औषधाशी त्याची जोडी करून जिभेखाली ठेवायची गोळी तयार केली आहे. ९१४ रुग्णांवरच्या चाचणीत तिनेही फायदा दाखवला. (देवघरातला कापूर चघळायला जाऊ नका. साधा कापूर पोटात गेला तर फिट येते, लहान मुलांना तर थोडासाही भोवतो.) हे यश खरं वाटतं, इतर देशांतही ते दिसायला हवं. मात्र पाहा, इथे पूर्ण वनस्पती नाही, मोजलेला एक रेणू आहे. तो झटक्याआधी नाही, झटक्यानंतर लगेच दिला आहे, तोही रुग्णालयात. ब्युटिलफ्थॅलाइडच्या चाचणीत तर प्रत्येक रुग्णाची गुठळी विरघळवण्याचे किंवा काढण्याचे उपचार सोबत झालेले होते.

त्याच चीनमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या एका पारंपरिक काढ्याची २६ रुग्णालयांत, १,६४८ रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला : फायदा नाही. तो निकाल त्यांनी लपवला नाही. परंपरेबद्दलचा आदर मला तरी असाच आवडतो. आपल्या ग्रंथांतल्या योगांची अशी हजार-दीड हजार रुग्णांवरची परीक्षा आपल्याकडे का होऊ नये? आयुर्वेद खरोखर जवळचा वाटतो त्यांनीच ही मागणी सगळ्यात मोठ्या आवाजात करायला हवी.

आणि काही वनस्पती उलट्या दिशेनेही काम करतात. घसा बसला की आपण जेष्ठमध तोंडात धरतो, ते ठीक. पण रोजच्या काढ्यात तो भरपूर पडू लागला तर त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं आणि दाब चढतो. स्वीडनमध्ये २०२४ साली तरुण निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात रोज अवघ्या १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिननेही दोन आठवड्यांत दाब वाढलेला दिसला. मेंदूच्या रक्षणासाठी घेतलेल्या काढ्यात जेष्ठमध असेल तर तो नेमकं कशाचं रक्षण करतोय? एफेड्रा असलेल्या वजन उतरवायच्या गोळ्यांवर अमेरिकेने २००४ साली बंदी घातली, कारणांत अर्धांगवायूही होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर लसणाच्या किंवा गिंकोच्या कॅप्सूलही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत.

मग राहतं काय? ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासाने २०१६ साली दाखवलं, की जगातल्या अर्धांगवायूंपैकी नव्वद टक्क्यांचा संबंध दहा बदलण्याजोग्या कारणांशी लावता येतो, आणि त्यांत एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा. तंबाखू, मधुमेह, बैठं जगणं, दारू, हृदयाची बिघडलेली लय ही बाकीची मंडळी आपल्या ओळखीची. स्वयंपाकघरातून करण्यासारखं सगळ्यात पक्कं काम कोणतं म्हणाल तर मीठ. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाहिलं गेलं : मिठातला पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइडने बदलला, आणि पाचेक वर्षांत अर्धांगवायू १४ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांना हे मीठ चालत नाही, त्यांनी आधी विचारावं. बाकीच्यांनी निदान पापड, लोणचं, फरसाण यांवर नजर ठेवावी.

ही श्रीमंतांची, शहरवाल्यांची दुखणी आहेत असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोली आठवावी. वनौषधींनी भरलेल्या त्या जिल्ह्यात 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं नोंदवली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण अर्धांगवायू निघालं, शंभरातले चौदा मृत्यू. बहुतेक माणसं घरीच गेली. जंगल दाराशी होतं. नव्हतं ते दाब मोजणारं यंत्र आणि रोजची गोळी.

आत्या आता काठी धरून अंगणापर्यंत येते. उजवा हात अजून मुठीतच आहे. तिच्या फडताळात तोच पत्र्याचा डबा आहे, आणि त्याच्या झाकणावर नातवाने कॅलेंडरचं पान चिकटवलं आहे. रोज गोळी घेतली की त्या तारखेवर ती डाव्या हाताने फुली मारते.

तुमच्या घरातल्या डब्यात आज संध्याकाळी एकदा डोकवा. रक्तदाबाची पट्टी किती दिवसांची आहे आणि किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजा. कुणी काही चूर्ण घेत असेल तर ते हिसकावून घेऊ नका, पण बरणी डॉक्टरांसमोर ठेवा. आणि कधी समोरच्याचं तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळू लागलं, तर आधी घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि स्कॅनशिवाय ते देता येत नाही. वाटेत तोंडात काहीही घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते आणि घोट श्वासनलिकेत जातो. काढा नको, अ‍ॅस्पिरिन नको, पाणीसुद्धा नको.